एदिल्माबाईंच्या बर्फातलं नाव

तुम्ही कधी कुणाचं नाव कागदावर लिहून बर्फात घातलंय का?

आमच्या समुद्रकाठच्या सिएनागा गावात घालतात. एखाद्याची जीभ फार चालायला लागली, कोर्टातली केस अंगावर आली, नवरा भलतीकडे वळू लागला, की कागदावर नाव लिहायचं, घडी पाण्याच्या पेल्यात टाकायची आणि पेला बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. बर्फ आहे तोवर तो माणूस जागचा हलत नाही, अशी समजूत. असा एक पेला मी नऊ वर्षं पोटात वागवला. त्यातल्या कागदावर ‘मारेल्विस’ लिहिलं होतं. मारेल्विस म्हणजे माझ्या मालकिणीची, एदिल्माबाईंची, एकुलती एक लेक.

मी एदिल्माबाईंचा जुना फ्रिज बोलतोय. मला या घरात आणलं त्यांच्या यजमानांनी, तोबियासनी. ते मासेमारी करायचे. तेव्हा माझ्यात मासळी असायची आणि माझ्या पाठीच्या गरम जाळीवर मारेल्विसचे शाळेचे मोजे वाळायचे. तोबियास गेले आणि एदिल्माबाई खिडकीतून पोरांना गारेगार विकू लागल्या. कोरोसो नावाच्या आंबट फळाच्या लालभडक सरबताच्या लांबट पिशव्या माझ्यात गोठायच्या. खाऱ्या वाऱ्यानं माझे पाय गंजले, पण बर्फ मात्र मी इमानानं केला.

नऊ वर्षांपूर्वी मारेल्विसला पनामाहून नर्सच्या नोकरीचं पत्र आलं. त्याच संध्याकाळी एदिल्माबाईंनी तो पेला आत सरकवला. जाण्याच्या दोन दिवस आधी मारेल्विसला सणकून ताप भरला आणि तिचं जाणं राहिलं. तेव्हापासून वीज गेली की एदिल्माबाई मला गोधडीत गुंडाळायच्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. “उघडायचं नाही!” लेकीला वाटायचं, गारेगारची काळजी.

यंदा तिला चिलीहून नोकरीचं बोलावणं आलं. मारेल्विस म्हणाली, “आई, जायच्या आधी तुला नवा फ्रिज घेऊन देते. हा म्हातारा कधी मान टाकेल सांगता येत नाही.”

एदिल्माबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

मग रोज दुकानातली छापील पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरायची. सुतळीनं माझी उंची-रुंदी मोजली जायची.

“हा बघ, दोन दारांचा.”

“दोन दारं कशाला? मी एकटी बाई.”

“मग हा. अजिबात आवाज करत नाही.”

“मग चालू आहे की मेलाय, ते कसं कळायचं?”

“आणि यात बर्फाचे थर साचत नाहीत.”

“बर्फ धरत नाही तो कसला गं फ्रिज?”

“अगं, गारेगार होतात त्यात. नुसते थर चढत नाहीत. नवरा निवडतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नसशील!”

“तेव्हा केली असती तर बरं झालं असतं,” एदिल्माबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. पण हसताना एदिल्माबाईंची नजर माझ्या वरच्या कप्प्यावर होती.

शेवटी लेकीनंच ठरवून टाकलं. नवा फ्रिज उद्या सकाळी येणार आणि तो लावून ती लगेच निघणार. ती सामान बांधायला आतल्या खोलीत गेली. एदिल्माबाईंनी पेला फडक्यात गुंडाळला आणि धावत शेजारच्या लेदिसबाईंना गाठलं. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

“एवढा पेला तुमच्याकडे राहू द्या हो.”

“नको गं बाई! माझ्या फ्रिजमध्ये आधीच माझा जावई आहे. दोघांचं पटायचं नाही.” मग लेदिसबाईंचा आवाज उतरला. “पोटच्या पोरीला कुणी असं गोठवतं का, एदिल्मा?”

एदिल्माबाई परत आल्या. माझं दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. पेला आत ठेवतील, की काय? मी घरघरत होतो. खरं सांगतो, मलाही तो हवा होता. तो आत असेपर्यंत मला कुणी हलवणार नव्हतं.

त्यांनी माझं बटण बंद केलं आणि पेला मोरीच्या कट्ट्यावर ठेवला.

“हे काय?” मारेल्विस दारात उभी होती.

“तुझं नाव. पनामाच्या वेळचं.”

बर्फ सुटायला लागला होता. लेकीनं बोटानं घडी ओढून काढली, उलगडली आणि आपलं नाव वाचलं.

“नऊ वर्षं, आई?”

“मला वाटलं, त्यानंच तू राहिलीस.”

“ताप आठवड्यात उतरला होता. पनामावाले दुसरं तिकीट द्यायला तयार होते. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तुला टाकून जाववेना, म्हणून राहिले.”

“आणि आता?”

“आता जायचंय गं.”

एदिल्माबाईंनी पदर नसलेल्या झग्यानंच डोळे पुसले. “मग इस्त्रीचे कपडे शेवटी भर. खाली ठेवलेस तर चुरगळतील.”

सध्या मी लेदिसबाईंच्या परसात कपाट म्हणून उभा आहे. माझ्यात कोंबड्यांचा मका असतो. तक्रार नाही. एकच मागणं आहे. आम्हाला दूध द्या, मासळी द्या, पोरांचे गारेगार द्या, सगळं सांभाळू. माणसं धरून ठेवायचं काम मात्र आम्हाला सांगू नका.

आणि हो, बर्फ सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवा फ्रिज आला, आणि साडेआठच्या बसनं मारेल्विस गेली.