एकोणीसशे फूट

संयोगितानं पाय सीटच्या पाठीवर टेकवले, डोकं पॅनलखाली घातलं आणि दातांत धरलेला टॉर्च डावीकडे वळवला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. विमान चार माणसांचं, पण पायाच्या पेडलांमधली जागा मांजरानं वेटोळं करून झोपावं एवढी. त्यात सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं उताणं मावायचं म्हणजे आधी श्वास सोडायचा, मग पोट आत घ्यायचं, आणि मग हे विमान ज्यानं बनवलं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायची.

"दिसलं का काय?" बाहेरून लालासाहेबांनी विचारलं.

तिनं टॉर्च तोंडातून काढला. "नळी दिसते. सरळ आहे. कुठं दुमडलेली नाही, दबलेली नाही. माझं डोकं तेवढं दबलंय."

"मग हवा का जाईना?"

"ते कळलं असतं तर मी इथं अशी पडले असते का, काका?"

लालासाहेब हसले नाहीत. हवाई दलात पंचवीस वर्षं विमानांची उंची-वेग दाखवणारी गोल घड्याळं दुरुस्त करून परतलेला हा आटपाडीचा माणूस. आता पासष्टीला आला होता, पण अजून रोज इस्त्रीचा शर्ट घालून कऱ्हाडच्या या हँगरमध्ये यायचा. त्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली. मग परीक्षा देऊन सहीचा अधिकार तिला मिळाला आणि ते तिच्या हाताखाली आले. यावरून दोघांत कधी शब्द निघाला नव्हता. आज मात्र तीन दिवसांच्या घामानं दोघंही आंबून गेली होती.

जयराजच्या या विमानातली जुनी गोल घड्याळं काढून तिथं दोन मोठे डिजिटल पडदे बसवायला त्यांना पाच आठवडे लागले होते. शेवटच्या दिवशी नळ्यांची चाचणी घेतली तेव्हा सुईच्या टोकाएवढीही गळती नव्हती. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जयराज एकटाच उडाला आणि अकरा मिनिटांत परत उतरला. उतरला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. खाली कृष्णा-कोयनेचा संगम हातावरच्या रेघेएवढा दिसत होता, आणि पडदा सांगत होता, उंची एकोणीसशे फूट. म्हणजे धावपट्टीची उंची. पडद्याच्या मते विमान जमिनीवरून हललंच नव्हतं. वर चढताना वेगाचा आकडा तेवढा उगाच खाली खाली येत होता. आकाश स्वच्छ होतं म्हणून निभावलं. ढगात असता, तर त्या आकड्यांवर भरवसा ठेवून त्यानं काय केलं असतं, हा विचार संयोगिताच्या मनात दिवसातून दहादा तरी येत होता.

पडदे बिघडलेले नव्हते, एवढं तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जुन्यांतलं उंचीचं एक घड्याळ राखीव म्हणून ठेवलं होतं, त्याचा काटाही एकोणीसशेवरच बसून होता. दोघांना बाहेरची हवा एकाच नळीतून मिळते. जसजसं वर जावं तसतशी ती विरळ होते, आणि त्यावरूनच यंत्राला उंची कळते. तर हवाच पोचत नव्हती. आणि पॅनलमागची नळी या पाच आठवड्यांत कोणी नव्यानं फिरवली होती? संयोगितानं. म्हणून ती आपलंच काम उसवत होती. एक नळी बदलली, दुसरी बदलली, सांधे खोलले, परत आवळले. शोधणारी तीच, आणि संशयितही तीच.

"संयोगिताताई."

जयराज दाराशी उभा होता. मूळचा विट्याचा, सोनं-चांदी गाळायचा, गलाईचा धंदा कोइमतूरला. तिथून दसऱ्याला म्हणून आला होता, तो अडकून पडला होता.

"मी सरळ बोलतो," तो म्हणाला. "पडदे नवे, माणसं जुनी, असं झालंय का? तसं असंल तर सांगा. बेंगळुरूची टीम हाय, त्यांचं रोजचं काम हे."

संयोगिता कोपरावर उठली. तिच्या केसांत नळीच्या प्लॅस्टिकचा चुरा होता. "आजचा दिवस द्या."

"परवा पण आजचाच दिवस मागितला हुता तुमी."

"आरं, मागंना का," शटरच्या सावलीतून आवाज आला. "मला काय घाई न्हाई."

"आई, तू गप."

राहीबाई गप झाल्या. नवं इरकल, नव्या चपला, मांडीवर पिशवी. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या सलग तिसऱ्या दिवशी बसल्या होत्या. जयराजला आईला वरून गावचं रान दाखवायचं होतं, तळं, विहीर, बांधावरची बाभळ. विमान घेतलं तेव्हापासून तो ते बोलून दाखवत होता. बोलताना त्याचा चेहरा दहा वर्षांच्या पोराचा व्हायचा, आणि त्यामुळेच त्याच्यावर चिडणं अवघड जायचं. तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

संयोगितानं पाना उचलला, सांध्यावर बसवला आणि जोर लावला. पाना सटकला. बोटांची सालटी पत्र्यावर निघाली. ती ओरडली नाही. पाना तिनं हळूच बाजूला ठेवला आणि तशीच, विमानाच्या फरशीवर, डोळे मिटून बसून राहिली.

डोळे उघडले तेव्हा राहीबाई दारात उभ्या होत्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पदराचा ओला शेव.

"बोटं द्या हिकडं. रगात आलंय."

"राहू दे मावशी. होतं असं."

"तीन दिस बघतीया. बघवत न्हाई." त्यांनी तिची बोटं धरून पुसली. मग जरा थांबून, जयराज लांब आहे ना ते बघून, आवाज बारीक केला. "बाई, येक इचारू? माझ्या पूजेनं तर काय झालं नसंल?"

"पूजेनं काय व्हायचंय?"

"खंडेनवमीला, तुमी जेवाय गेलासा तवा केली मी. चाकाला लावलं, पंख्याला लावलं. आन त्या डोळ्याला लावलं."

"कुठल्या डोळ्याला?"

राहीबाई तिला धरून खाली घेऊन गेल्या. विमानाच्या नाकाच्या थोडं मागं, डाव्या अंगाला, रुपयाएवढी चकचकीत चकती होती. तिच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक, बाहेरची हवा नळीत घेणारं.

"ह्यो. बुबुळ बी हाय त्याला. हळदकुकू तेलात कालवून बोटानं दाबून लावलं, म्हंजे वाऱ्यानं उडायचं न्हाई. पर आता दिसंना."

चकती लख्ख होती. लख्ख होती म्हणूनच तीन दिवस तिच्याकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी विमान जयराजच्या ताब्यात देण्याआधी फोटो काढायचे होते. विमानावर ठिकठिकाणी कुंकू दिसलं, म्हणून संयोगितानंच ओलं फडकं घेतलं होतं. चाक पुसलं, पंखा पुसला, ही चकती पुसली, चांगली गोल गोल घासून. विमान पुसताना त्या भोकावर आधी लाल पट्टी चिकटवायची आणि पुसून झालं की काढायची, हा पहिल्या दिवशीचा धडा. शिकाऊ मुलांना ती तो पाठ करायला लावायची. पण त्या दिवशी विमान थोडंच धुवायचं होतं? नुसतं कुंकू तर पुसायचं होतं.

"काका," तिनं हाक मारली. "भिंग आणा. आणि स्पिरिट."

भोकात नीट बघितलं तर आतला काळोख काळा नव्हता. तपकिरी होता.

लालासाहेब आत वाकले, अस्तर सोडवून चकतीमागची नळी मोकळी केली. संयोगितानं बाहेरून स्पिरिटचा एक थेंब सोडला. दहा मिनिटं थांबली, मग दुसरा थेंब. मग लालासाहेबांनी आतून नळी तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकलं. काही नाही. परत फुंकलं. तिसऱ्या वेळी भोकातून मोहरीएवढी लालपिवळी गोळी सुटली आणि संयोगिताच्या बोटावर येऊन बसली. मागोमाग हवेची बारीक शिट्टी.



नळी पुन्हा जोडून तिनं चाचणीचा पंप लावला. काटा हलला. दोन हजार, अडीच, तीन. शेजारचा पडदाही त्याच्याबरोबर मोजत गेला. तीन दिवस ज्यासाठी जीव आटवला ते समोर घडत होतं, आणि संयोगिताला एवढंच वाटत होतं की कुणीतरी हा पंप आपल्या हातातून घ्यावा.

लालासाहेब खिशातल्या रुमालानं ओठ पुसत जवळ आले.

"माशी लिवा," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"कुंभारीण माशी. घर करती न्हवं भोकात? सगळ्या जगात करती. कोण इचारनार न्हाई. म्हातारीला बोल न्हाई, तुमाला बोल न्हाई. आत्ता सही करा, सांजच्या आत उडंल."

राहीबाईंनी ते ऐकलं. त्यांचा हात पिशवीच्या बंदावर आवळला.

"सांजच्याला?" त्या म्हणाल्या. "आजच?"

"व्हय की. आता काय अडचण न्हाई."

लालासाहेब पाने गोळा करायला वळले. राहीबाई संयोगिताच्या अगदी जवळ सरकल्या. बोलल्या ते तिच्याकडे न बघता, विमानाच्या पंखाकडे बघून.

"मला लय भ्या वाटतंय बाई. माळ्यावर चढलं तरी डोळं फिरत्यात माझं. कुकू लावलं ते त्यापायीच."

"मग सांगा की त्याला."

"कसं सांगू? पोरगं किती दिस तेच बोलतंय. हे सापडलं नसतं तर बरं, असं बी वाटत हुतं. पर तुमची बोटं बघवनात."

संयोगितानं विमानाची नोंदवही इंजिनाच्या झाकणावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एका दमात दोन ओळी लिहिल्या, खाली नाव घातलं. ज्या सहीनं विमान उडायला मोकळं होतं, त्या सहीची जागा कोरी ठेवली.

जयराज आत आला तेव्हा तिनं वही त्याच्यापुढे धरली. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"'दसऱ्याच्या सकाळी विमान पुसताना मी डाव्या बाजूचं छिद्र झाकलं नाही. त्यामुळे ते बुजलं आणि उंची व वेग चुकीचे दिसले.'" त्यानं वर बघितलं. "मी म्हंजे?"

"मी. संयोगिता."

"येवढंच हुतं? फडकं?"

"एवढंच."

"आन मी त्यात वर गेलो हुतो."

"हो. आता नीट झालंय. चाचणी झाली, तुमच्यासमोर परत करून दाखवते."

त्याचा जबडा हलला. लालासाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण संयोगितानं त्यांच्याकडे बघितलं आणि ते मिटलं.

"न्हाई," जयराज म्हणाला. "माझा जीव गेला तर गेला, आईला ह्यात अशी न्हाई बसवायची. आता सगळं बेंगळुरूची माणसंच तपासतील, सही बी तीच करतील. दिवाळीआधी त्यांना वेळ न्हाई, मग दिवाळीनंतर." तो आईकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम पडला. "आई, आज न्हाई जमत. कोइमतूरला जायला पायजे मला. पुढच्या खेपंला बघू."

"बरं बाबा," राहीबाई म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

तो गाडी काढायला गेला. लालासाहेबांनी वहीतल्या दोन ओळी स्वतः वाचल्या. मग परत वाचल्या. कुंकवाचा शब्द कुठंच नव्हता.

"माशी लिवली असती तर आजच उडालं असतं," ते म्हणाले.

"हो," संयोगिता म्हणाली.

"आन हितलं काम बी ऱ्हायलं असतं तुमच्याकडं."

पॅनलचे स्क्रू काढून ठेवलेली ताटली संयोगितानं सीटवरून ओढली आणि परत त्या अरुंद जागेत शिरायला वाकली. विमान दुसऱ्यांच्या हाती द्यायचं म्हटलं तरी ते उघडं टाकून कसं द्यायचं?

पलीकडच्या दारातून राहीबाईंनी डोकं आत घातलं. नव्या चपला त्यांनी बाहेर खुर्चीखाली काढून ठेवल्या होत्या. त्यांनी ताटली आपल्याकडे ओढून घेतली आणि स्क्रू बोटानं निवडायला लागल्या, मोठे एकीकडे, बारके एकीकडे.

"गाडी येस्तवर देती की येकेक," त्या म्हणाल्या. "आदी कंचा लागतोय, लांबका का बुटका?"