मास्तरांचा उजवा पाय

"पेडल खाली गेलं होतं का? नीट आठवून सांगा. घाई नाही."

मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या पिवळ्या स्पोर्ट्स कारला टेकून उभ्या होत्या. गाडीची पुढची चाकं काढून भिंतीला लावली होती आणि ब्रेकची उघडी डिस्क तापून तापून निळसर पडली होती.

"अहो मास्तर, गाडी वाळूत गेली एवढंच आठवतंय मला. ट्रॅकचा सरळ पट्टा संपला, मी ब्रेक दाबला, गाडी थांबायचं नावच घेईना. हेल्मेटच्या आतसुद्धा वाळू निघाली."

"वाळूचं राहू द्या. पायाला काय कळलं ते सांगा. गादीत रुतावा तसा पाय खाली गेला, की दगडावर ठेवल्यासारखा घट्ट होता आणि तरी गाडी पळतच राहिली?"

बाईंनी डोळे मिटले, उजवा पाय हवेत थोडा उचलला आणि दाबून पाहिला.

"दगड," त्या म्हणाल्या. "जीव खाऊन दाबला, पण घट्टच."

"मग ब्रेकचं ऑइल उकळलेलं नाही. उकळलं असतं तर पाय खाली गेला असता. डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडनी हात टेकले. साधे, रोजच्या रस्त्याचे पॅड आहेत हे, त्यांना एवढा ताप सोसत नाही."

जुना पॅड त्यांनी बाईंच्या हातात दिला. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि कडा भुसभुशीत. बाईंनी तो किडका दात पाहावा तसा उजेडात धरून पाहिला.

अडतीस वर्षं मास्तर फक्त ब्रेकचं काम करत होते. मास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं, कारण आपल्या गाडीला काय झालं होतं हे गिऱ्हाइकाला कळल्याशिवाय ते किल्ली देत नसत. एखाद्याला उशीर होत असला तरी त्याला स्टुलावर बसवून सांगत, मग परत विचारत. इंजिनाची बाजू त्यांची लेक बघायची. बारा वर्षं ती या गॅरेजमध्ये होती, पण ब्रेक झालेली गाडी रस्त्यावर नेऊन तपासायचं काम मास्तरांनी तिला कधी दिलं नव्हतं. ते काम त्यांच्या उजव्या पायाचं होतं. पाय ठीक म्हणाला की गाडी जायची.

बाईंनी पिशवीतून स्वतः आणलेला खोका काढला. "हे बसवा. खास शर्यतीचे आहेत. ट्रॅकवर सगळे हेच वापरतात."

"चांगले आहेत," मास्तर म्हणाले. "पण या पॅडचा स्वभाव वेगळा. सकाळी उठून तासभर कोणाशी बोलत नाहीत अशी माणसं असतात ना, तसे. तापल्याशिवाय कामाला लागत नाहीत."

"म्हणजे आपल्या बाबांसारखे," लेक पलीकडच्या गाडीखालून म्हणाली.

"तू तुझे नट आवळ. बाई, दवाखान्यात जाता ते याच गाडीने?"

"हो. आणि जाताना मुलाला शाळेत सोडते."

"शाळा किती लांब?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत हे पॅड गारच राहणार. शाळेच्या दारात एखादं पोर आडवं आलं, तर तुम्ही दाबाल आणि हे म्हणतील, थांबा, जरा अंग गरम होऊ द्या." मास्तरांनी फळीवरून दुसरा खोका काढला. "हे मधले. गार असतानाही धरतात, तापही बराच सोसतात. ट्रॅकवर सलग किती फेऱ्या मारता?"

"सात-आठ."

"चार मारायच्या. पाचवी रमतगमत, ब्रेकला पाय न लावता. डिस्कला वारा लागू द्यायचा. मग परत चार. हे जमत नसेल तर तुमचे शर्यतीचे पॅड न्या, पण ट्रॅकवर जाऊन बसवायचे आणि घरी निघताना काढायचे."

"दर वेळी? मला कुठला वेळ हो?"

"मग मधले."

बाई हसल्या. "माझ्याकडे पेशंट येतात, म्हणतात, डॉक्टर, काढूनच टाका. मी त्यांना बसवून समजावते. आज माझ्यावर पाळी." शर्यतीचा खोका परत पिशवीत गेला.

पॅड बसवायला तासभर लागला असता, पण दीड तास लागला, कारण पॅड जागेवर धरणारी एक क्लिप सापडेना.

"आठ मोजून ठेवल्या होत्या मी बाकावर," लेक गुडघ्यांवर बसून टॉर्च फिरवत म्हणाली. "सातच आहेत. बाबा, तुम्ही हात लावलात ना?"

"मी कशाला लावू?"

"मग पाय फुटले तिला."

शेवटी जुन्यांतलीच एक घासूनपुसून बसवली. मास्तरांनी हात धुतले आणि बाईंना शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं. नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीपर्यंत जायचं, दाबून वीसपर्यंत उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत ऐंशी. असं दहा वेळा. मग गाडी तशीच फिरवत गार करायची. टाच दुमडलेले, पातळ तळव्याचे कापडी बूट मास्तरांनी त्यासाठीच बाकाखाली ठेवले होते, ते त्यांनी पायात सरकवले. जाड बुटातून पेडल कळत नाही, असं ते सांगत.

गोदामांच्या मागचा रस्ता रिकामा होता. पहिल्या दोन वेळा ठीक गेलं. तिसऱ्या वेळी मास्तरांनी दाबलं तसा गाडीखालून खडखड आवाज आला आणि दोघंही सीटच्या पट्ट्यावर पुढे आपटली.

"केवढ्यांदा दाबलंत!" बाई म्हणाल्या.

"नवीन आहेत. बघावं लागतं."

पाचव्या वेळी वेग कमी करून मास्तरांनी परत गाडी पळवायला घेतली. इंजिन ओरडलं, पण गाडी जड जड चालली, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. जळका वास आला. मास्तरांनी आणखी दाबलं. बाईंनी आधी समोर पाहिलं, मग खाली.

"मास्तर, पाय दोन्हींवर आहे तुमचा."

मास्तरांनी खाली पाहिलं. बुटाची एक कड ब्रेकवर होती आणि दुसरी ॲक्सिलरेटरवर. बघितल्यावर त्यांनी पाय काढला. गाडी कडेला गेली आणि थांबली.

"तुम्ही ट्रॅकवाले मुद्दाम करता ना असं, एका पायाने दोन्ही?" ते म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "बूट काढा."

"पेडलं फार जवळ आहेत या गाडीची."

"बूट काढा, मास्तर."

ते दार उघडून वळले, पाय बाहेर रस्त्यावर टेकवला आणि बूट काढला. मोजा टाचेशी ओला आणि तांबडा होता. बाई गाडीला वळसा घालून आल्या आणि खाली बसल्या. त्यांनी मोजा उतरवला. टाचेत पत्र्याची एक वाकडी पट्टी अर्धी रुतली होती. बाईंनी ती ओढून काढली. मास्तरांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. त्यांनी ती पट्टी हातात घेऊन वळवून पाहिली.

"सापडली," ते म्हणाले. आठवी क्लिप होती ती.

बाईंनी रुमालाने टाच बांधली. "साखर आहे?"

"आहे."

"पायाचं डॉक्टरांना माहीत आहे?"

डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी मास्तरांना डोळे मिटायला लावून तळव्याला दोरा टेकवला होता आणि लागलं की सांगा म्हणाले होते. मास्तरांनी अंदाजाने तीन वेळा हो म्हटलं. त्यातल्या दोन वेळा डॉक्टरांचा हात टेबलावर होता. घरी येऊन ते जेवले आणि झोपले. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तीन गाड्या होत्या.

"दात बधिर केला की मी बजावते, दोन तास काही खाऊ नका," बाई म्हणाल्या. "तरी खातात, आणि स्वतःचाच गाल चावत बसतात. पण दोन तासांनी त्यांना कळतं. तुम्हाला कधी कळणार होतं?"

मास्तरांनी क्लिप खिशात टाकली.

"उरलेले पाच तुम्ही मारा," ते म्हणाले. "मी सांगतो कसं ते. पण आता नाही. मी तापवलेत ते आधी गार होऊ द्या. नुसती फिरवा गाडी."

बाईंनी पंधरा मिनिटं गाडी फिरवली, मग उरलेले पाच पूर्ण केले. प्रत्येक वेळी मास्तरांनी विचारलं, पायाला काय कळलं, आणि प्रत्येक वेळी बाईंनी आधीपेक्षा जरा बरं उत्तर दिलं. गॅरेजमध्ये आल्यावर मास्तरांनी चाकं परत उतरवायला लावली आणि लेकीकडून डिस्क आणि पॅड तपासून घेतले. ते ठीक होते. बाई गेल्या.

मग त्यांनी क्लिप बाकावर ठेवली आणि कुठे सापडली ते लेकीला सांगितलं.

लेक स्टुलावर बसली. "किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"वर्षभर गाड्या दिल्यात तुम्ही. तपासून."

"कानाने देत होतो. आवाजावरून बरंच कळतं. एकही परत आली नाही."

"परत यायला गाडी शिल्लक लागते, बाबा."

बाहेर कोणी तरी हॉर्न वाजवून निघून गेलं.

"मला का नाही सांगितलंत? मी काय इथे शोभेला उभी आहे?"

"सांगितलं असतं तर मी काय केलं असतं दिवसभर?"

लेकीने फोन काढला आणि वर्षभरातली गिऱ्हाइकं शोधायला सुरुवात केली. "सगळ्यांना बोलावते आहे. नाही म्हणू नका."

"नाही म्हणत नाही," मास्तर म्हणाले. "टॅक्सीवाल्याला आधी बोलाव. त्याची गाडी जास्त चालते."

टॅक्सीवाला सोमवारी सकाळी आला. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच गाडीतून उतरणारा. "काय मास्तर, कधी नव्हे ते आमंत्रण! माझे ब्रेक तर मस्त आहेत. झालंय काय त्यांना?"

"त्यांना नाही झालेलं," मास्तर म्हणाले. "माझ्या पायाला झालंय. पेडल कळत नाही मला आता. तुमची गाडी दिली तेव्हाही कळत नव्हतं."

टॅक्सीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, मी रोज माणसं नेतो हो यातून."

"म्हणूनच बोलावलं."

लेकीने किल्ली घेतली आणि ती निघाली. मास्तर फाटकाशी उभे राहिले, बांधलेला पाय जरा पुढे टाकून. गाडी वळणापर्यंत जाऊन परत आली.

"ठीक आहे," ती काच खाली करून म्हणाली.

"ठीक म्हणजे काय? पायाला काय कळलं?"

"म्हणजे... लागतो ब्रेक."

"तो तर टॅक्सीवाल्यालाही लागतो. परत जा."

ती परत गेली. आली, आणि म्हणाली, मऊ आहे. मग म्हणाली, मऊ नाही, पण सांगता येत नाही. मास्तरांनी तिला तिसऱ्यांदा पाठवलं. या वेळी गाडी बराच वेळ आली नाही. आली तेव्हा लेकीने काच खाली केली. स्टिअरिंगवर हात ठेवून तिने डोळे मिटले.

"आधी बोटभर पोकळ जातं. मग भरतं, आणि भरल्यावर सरकत नाही. पण डावीकडे किंचित ओढतं. अगदी शेवटी, थांबता थांबता."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती सांगत होती ते खरं की नुसतं त्यांना हवं ते, हे कळायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं.

"म्हणजे उजवा ब्रेक कमी धरतोय. उजवं चाक काढ," ते म्हणाले आणि तिला आत यायला वाट देऊन बाजूला झाले.