तहानलेल्या मास्तरांची गळती

आधीच सांगून ठेवलेलं बरं, हे कुणालाही पटणार नाही. एका टेलरमास्तरांच्या खुर्चीखाली, भर दिवसा, कोरड्या फरशीतून झरा फुटला! मास्तरांनी तो शेजाऱ्यांना दाखवला, "हात लावू नका, औषधी पाणी आहे," असंही बजावलं. शेजारी हसले. सुनेने नाक मुरडून फडकं आणलं.

पॅन्ट गेल्या वर्षापासून भिजत होती. मास्तरांनी स्वतःसाठी गडद कापडाच्या, दुहेरी अस्तराच्या पॅन्टी बेतल्या. अस्तराने ओल लपली, वास लपला नाही. मग मुलाने घरात नियमच केला. दुपारचं जेवण झालं की तो मास्तरांजवळचा तांब्या उचलून नेई. "वय झालंय, डॉक्टर काय करणार? पाणी कमी, भानगड कमी." म्हातारा गुपचूप झोपावा म्हणून सून रोज सर्दीची गोळी देई. तरी गळती वाढलीच. तेव्हा ठरलं, रविवारी खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवायची. तिथे शिलाई मशीन मावणार नव्हतं.

त्याआधीच मास्तर मशीनवर चक्कर येऊन कलंडले. त्यांच्या बायकोने कुणाला न विचारता त्यांना दवाखान्यात आणलं. मुलगा मागोमाग धावत आला.

"आजोबा, लघवीचा काही त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! माझी धार बघून अग्निशामक दलाने नोकरी देऊ केली होती."

बाई हसल्या, पण सोडेनात. "आणि आता? सुरू व्हायला वेळ लागतो?"

"मोठ्या पाहुण्यांची वाट बघावीच लागते, बाई."

बाईंनी त्यांना लघवी करून यायला सांगितलं, मग पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. त्यांचं हसू मावळलं.

"आत्ता जाऊन आलात, तरी लघवीची पिशवी तुडुंब आहे. वाट अडलीय, म्हणून भरून वरून सांडतंय. हा वयाचा दोष नाही, आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत. आधी नळीने पिशवी मोकळी करू, मग प्रोस्टेट, लघवी, रक्त तपासू. पण जीभ इतकी कोरडी कशी? पाणी पीत नाहीत? आणि गोळ्या कुठल्या? सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते."

"बीपीची एकच," मुलगा घाईने म्हणाला. "पाणी तर मागतील तेवढं देतो."

मास्तरांनी लेकाकडे पाहिलं. त्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. चारचौघांत पोराची अब्रू जायला नको, म्हणून त्यांनी सुकलेला घसा खाकरला.

"देतो म्हणजे काय! इतकं पाजतो की परवा मीच म्हटलं, अरे, माझ्यात आता होड्या सोडणार आहेस का—"

"खोटं!"

बायको उठून उभी राहिली होती.

"साफ खोटं. दुपारनंतर ह्यांना घोटभर पाणी मिळत नाही. सर्दी नसताना रोज सर्दीची गोळी देतात. आणि हे सगळं बघून मी गप्प बसले. तेही लिहून घ्या, बाई."