बंद दारापलीकडचा अलेक

इथे इटलीत, मोरो नदीच्या अंगाला टेकडीवर कॅनडाच्या सैनिकांची दफनभूमी आहे, आमच्या द्राक्षमळ्यापासून चालत अर्ध्या तासावर. माझे बाबा, पानफिलो, दर रविवारी चर्चमधून निघाले की तिथे जायचे आणि अलेक मॅक्रे या एकाच नावापाशी फुलं ठेवून यायचे. आई टोमणा मारायची, "माझ्या आईला कधी चार फुलं नेली नाहीत तुम्ही!" बाबा टोपी चढवून चालू लागायचे.

तो अलेक आमच्या अंगणात मेला होता. महायुद्धातला, त्रेचाळीसचा डिसेंबर. जर्मन ऑर्तोना शहर सोडत नव्हते आणि कॅनडावाले चिखलातून एकेक मळा घेत पुढे सरकत होते. मी अकरा वर्षांची. आम्ही तिघं दारूच्या पिंपांमागे दडून बसलो होतो. सकाळीच तो दाराबाहेर कोसळला. आधी काहीबाही ओरडत होता, मग नुसतं "मॉम, मॉम." ते कळायला इंग्रजी यावं लागत नाही. आई उठली, तर बाबांनी तिला ओढून बसवलं.

"समोरच्या गोठ्यात जर्मन आहेत. बाहेर गेलीस तर तूही तिथेच पडशील."

त्यांनी दाराला कडी घातली. आवाज थांबला तेव्हा दुपार कलली होती. पुढे त्याच्या सोबत्यांनी त्याला आमच्याच मळ्यात पुरलं, वर नावाची फळी लावली. लढाई संपल्यावर टेकडीवरच्या दफनभूमीत नेलं.

अठरा वर्षांनी त्याची आई आली. लहानखुरी, पांढरे हातमोजे घातलेली. मॉन्ट्रियलला दहा वर्षं काढून आलेला आमचा शेजारी कामिल्लो दुभाषा म्हणून सोबत होता.

"त्यांना पत्र आलं होतं, गोळी लागताच गेला म्हणून," कामिल्लो म्हणाला. "विचारतायत, तुम्ही पाहिलंत का?"

"हो, लगेच गेला म्हणून सांग," मी कामिल्लोच्या कानात कुजबुजले.

"नाही," बाबा म्हणाले. "सकाळपासून दुपारपर्यंत जिवंत होता. आईला हाका मारत होता. मी दार उघडलं नाही."

"पानफिलो, हे मी नाही सांगणार."

"सांग. मला ओझं झालंय त्याचं."

कामिल्लोनं खाली मान घालून सांगितलं, बाबांच्या दर रविवारच्या फुलांचंही. बाईंनी एक हातमोजा काढला, पुन्हा चढवला. मग कुठे पडला होता ते विचारलं. बाबांनी जागा दाखवली. दारापासून तिथपर्यंत त्या चालत गेल्या. अकरा पावलं. तिथे उभ्या राहून काहीतरी बोलल्या.

कामिल्लो अडखळला. "म्हणतायत, तुमच्या घरात लेकरू होतं, ते मला समजतं. पण आता त्याच्याकडे जाऊ नका."

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी ते पलंगावर बसून राहिले. आईच म्हणाली, "जा हो. तिला तिकडे कॅनडात काय कळणार?"

"तिनं नको म्हटलंय."

नंतर नऊ वर्षं जगले, टेकडीवर एकदाही गेले नाहीत. शेवटच्या आजारपणात एके दुपारी मला म्हणाले, "लोरेता, तुम्हा दोघींसाठी दार उघडलं नाही, असंच मी तुझ्या आईला सांगत आलो. पण मला माझ्याच जिवाची भीती होती गं."

त्यांचा हात धरायला हवा होता. मी उशी सारखी केली आणि दूध गरम करायला उठले.