धुराडं जिथे, तिथे जहाज

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. कढई अजून पुरती तापलेली नाही. तेवढ्या वेळात माझी कथा सांगून होईल. कथा जहाजाची आहे, पण खरी ती एका माणसाची.

मी एक जुनी, शिशाची युद्धनौका आहे. तळहातावर मावेन एवढीच. वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या पहिल्या पिढीतली : मध्ये धुराडं, पुढेमागे शिडाच्या काठ्या आणि नाकाशी शत्रूला धडक मारायची सोंड. आज मी इंग्लंडच्या नॉर्थ शील्ड्स बंदरातल्या डेस्मंड पायबसच्या शेडमध्ये, बिस्किटांच्या डब्यात पडले आहे. शेजारच्या चुलीवर शिसं वितळवायची कढई चढली आहे. माझ्या बारा बहिणी तिच्यात गेल्या.

जन्माआधी मी देवाच्या घरावरचं शिशाच्या पत्र्याचं छप्पर होते. टेकडीवरच्या चॅपलचं. खाली रविवारी प्रवचनकार बोलता बोलता गाऊ लागायचे, लोक त्यांचा सूर उचलायचे, आणि मी वर पावसात भिजत असूनही आतून उबदार व्हायचे. छप्पर बदललं तेव्हा गोदीत लाकडी साचे करणाऱ्या एडगर थर्लवेलने माझे तुकडे मागून नेले. स्वयंपाकघरात मला वितळवलं, साच्यात ओतलं, कानशीने घासलं. त्याची बायको आयव्ही हिच्या फाटक्या मोज्यातले धागे उसवून त्याने माझे दोरखंड केले.

"माझ्या पायांत धड मोजे नाहीत," आयव्ही म्हणाली, "आणि तुझी गलबतं बघा कशी नटली आहेत!"

"म्हणून तर हिला तुझं नाव दिलंय."

"हिच्यासारखी वाकड्या नाकाची आहे होय मी?"

असं माझं बारसं झालं. पुढची चाळीस वर्षं, दर शनिवारी दुपारी दोनला, चॅपलच्या हॉलमधल्या लांब टेबलावर निळं कापड पसरायचं, की समुद्र तयार. फासे पडायचे, कापसाचा धूर उठायचा, आणि आम्ही लढायचो. खेळाचे नियमही एडगरचेच, टाइप केलेली बारा पानं. त्यातला पहिला : अंतर मोजायचं ते धुराड्यापासून धुराड्यापर्यंत. धुराडं जिथे, तिथे जहाज. एकदा तरणा डेस्मंड केसभर अंतराने हुकला आणि हातापाया पडू लागला. एडगरने फुटपट्टी उचलून ठेवली. "पोरा, समुद्र कुणाला सूट देत नाही." सगळे त्याला ॲडमिरल म्हणायचे ते उगाच नाही.

मग आयव्ही गेली. मागोमाग एडगरची नजरही गेली. पण त्याची बोटं शाबूत होती. आम्हां चाळीस जणींना तो चाचपून ओळखायचा. मला उचललं की अंगठा नाकावरून फिरवायचा आणि गालातल्या गालात हसायचा. आठवड्यातला तेवढाच त्याचा दिवस.

या वर्षी डेस्मंडने नवा खेळ आणला. सुटसुटीत नियम, आणि नखाएवढी जहाजं.

"एक लढाई दीड तासात संपते, ॲडमिरल. तुमची तीन शनिवार चालते."

एडगरने एक नवं जहाज बोटांत धरलं. चाचपलं. पुन्हा चाचपलं. "हे जहाज आहे की तांदळाचा दाणा?"

सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं. त्या दाण्यांत त्याला आपला कोण, शत्रू कोण हे कधीच कळणार नव्हतं. तो खेळ ठरला तर त्या टेबलाशी त्याची खुर्ची उरणार नव्हती.

आमच्या खेळाडूंच्या मंडळाची चिटणीस ग्लेनिस चार्लटन. तिने तोड काढली. "पाच वाजता गायनमंडळ येतं, हॉल सोडावाच लागतो. नवा खेळ पाचाच्या आत संपतो हे आपण पाहिलंय. आता एडगर, राजा, तुझा संपवून दाखव. संपला तर तोच ठेवू."

त्या शनिवारी एडगर वाऱ्यासारखा खेळला. पाचाला दहा मिनिटं कमी असताना एकच गोष्ट उरली होती : मी शत्रूच्या मुख्य जहाजाला धडक द्यायची. ते बुडालं की लढाई खलास. धडकेची मर्यादा आठ इंच. डेस्मंडने पट्टी धरली.

"सव्वाआठ."

एडगरने मला हातात घेतलं. अंगठा नाकावरून मागे सरकला आणि धुराड्यापाशी थबकला. मित्रांनो, आठवड्यापूर्वी माझं धुराडं निखळलं होतं. त्याने ते आंधळ्या बोटांनी पुन्हा चिकटवलं, पण पाव इंच मागे. त्याला ते आत्ता कळलं. त्याला आणि मला. दुसऱ्या कुणाला नाही.

"अहो ॲडमिरल, पाव इंच तर आहे," डेस्मंड म्हणाला. "सोडून देऊ."

हो म्हण! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. अरे हो म्हण, किंवा निदान सांग काय झालंय ते! शिशाला कंठ नसतो.

"धुराडं जिथे, तिथे जहाज," एडगर म्हणाला. "नियम मी लिहिलाय. तुला नाही सोडलं, मला कसं सोडू?"

खाली जिन्यात गायनमंडळाची पावलं वाजली. पुढच्या चालीला वेळ उरला नव्हता.

नवा खेळ ठरला. एडगरने स्वतःच आम्हांला डब्यात भरलं. "शिसं चांगलं आहे, डेस्मंड. वितळव आणि तुझे दाणे ओत."

"एक तरी घरी ने रे," ग्लेनिस म्हणाली.

"घरी कुणाशी खेळू?"

त्यानंतर तो शनिवारी आला नाही. ग्लेनिस बिस्किटं घेऊन जाऊन आली. सांगत होती, दोन वाजले की तो रिकाम्या टेबलावर हात पसरून बसतो.

आता डेस्मंडने मला उचललं आहे. त्याचा अंगठा धुराड्यावर थांबला. त्याने मला उजेडात धरलं. गोंदाचा डाग एकीकडे, आणि धुराड्याचं जुनं भोक त्याच्या पाव इंच पुढे.

"म्हणजे तुला कळलं होतं, म्हाताऱ्या," तो पुटपुटला आणि स्टुलावर बसला. कढईतलं शिसं आता आरशासारखं लखलखतं आहे. तो मला खालीही ठेवत नाही, आत टाकतही नाही.

माझं काय व्हायचं ते होवो. छप्पर होते, नौका झाले, उद्या दाणे होईन. देवाला सगळे आकार सारखेच. पण मित्रांनो, खेळ निवडाल तेव्हा नियम बघा, वेळ बघा, आणि त्याहीआधी टेबलाशी कोण बसलंय ते बघा. आणि शनिवारी दुपारी दोन वाजले, की एका एडगर थर्लवेलची आठवण काढा. त्याचे हात अजून टेबलावर पसरलेले असतील.