गालांवरची लाली

"मावशी, गालांवरचं हे लागण होण्यातलं नाही ना?" बाळाची आई पाळणाघराच्या दारातच थबकली. बाळ मावशींकडे झेपावत होतं, पण आईची पकड सैल होत नव्हती.

"छे हो, उन्हाची ॲलर्जी. डॉक्टरच म्हणाले."

तरी त्या दिवशी बाळ दुसऱ्या बाईंच्या कडेवर गेलं. मावशी दूध गरम करायला आत गेल्या आणि उगाच बराच वेळ पातेलं ढवळत राहिल्या.

लाली दोन्ही गालांवर, नाकावरून पसरली होती. सुरुवातीला मुलगी चिडवायची, "आई, नव्या नवरीसारखी दिसतेस." मलम लावलं की लाली फिकी व्हायची, पुन्हा उमटायची. त्यात सकाळी बोटं आखडू लागली. बाळाच्या झबल्याचे बंद बांधताना हातातून सुटायचे. बाळच हातातून सुटलं तर? मावशी आता खाली बसूनच बाळाला घ्यायच्या.

एकदा नवऱ्याला बरोबर घेऊन त्या पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेल्या. "डॉक्टर, सांधेही दुखतात. मूठ वळत नाही. तोंडात सारखे फोड..."

"ताई, वय झालं की सांधे कुरकुरणारच," डॉक्टरांनी मधेच तोडलं. "मलम बदलून देतो. पुढचे कोण आहेत?"

मग एके सकाळी पाय सुजून चपलेत मावेनात. मुलीने मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली.

"ही ॲलर्जी नाही, ल्युपस आहे. शरीराची रोगाशी लढणारी ताकद शरीरावरच उलटते. मूत्रपिंडांना इजा झालीय. आधी कळलं असतं तर..." त्यांनी औषधांची चिठ्ठी पुढे केली. "आणि पाळणाघर आता बंद. या औषधांवर असताना मुलांचं साधं पडसंही तुम्हाला महागात पडेल."

"म्हणजे माझं त्यांना लागत नव्हतंच," मावशी म्हणाल्या. "त्यांचंच मला लागणार."

मुलगी हट्टाने आईवडिलांना वकीलबाईंकडे घेऊन गेली. वकीलबाई स्पष्ट बोलल्या, "निदान चुकलं म्हणून डॉक्टर आपोआप दोषी ठरत नाहीत. अशी लाली भल्याभल्यांना फसवते. पण लक्षणं सांगूनही साधी तपासणी केली नाही, तर तो निष्काळजीपणा. ग्राहक न्यायालयात दाद मागता येईल, मुदत आहे अजून. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत लागेल. अडचण एकच. डॉक्टरांच्या कागदावर नुसती लाली आहे. सांधेदुखीचं सांगितलंत, ते कुणी ऐकलं?"

मुलीने बापाकडे पाहिलं. तो रंगारी. उंच शिडीवर बेधडक चढणारा, पण खुर्ची-टेबलामागच्या साहेबासमोर त्याचा आवाज फुटत नसे.

"माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरच रात्री-बेरात्री धावून आले," तो पुटपुटला. "त्यांच्याविरुद्ध कसा उभा राहू?"

"जेवढं ऐकलं तेवढंच सांगा," मावशी म्हणाल्या. "एक शब्द वाढवू नका."

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मावशींनी तक्रार दाखल केली, साक्षीची तारीख पडली. तारीख जवळ आली तशी मावशींची झोप उडाली. ऐन वेळी हे गप्प बसले तर?

साक्षीच्या दिवशी डॉक्टरांचे वकील हसत म्हणाले, "बायकोसाठी बोलताय, साहजिक आहे."

त्याने कठडा धरला. "डॉक्टर देवमाणूस आहेत, साहेब. तेही लिहून घ्या. पण ही बोलत होती आणि त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही खरंच आहे."

निकाल मावशींच्या बाजूने लागला. भरपाई मंजूर झाली. मूत्रपिंडं होती तशीच राहिली.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर एकटेच उभे होते. मावशींना पाहून ते चाचरले. "ताई... आता कसं वाटतंय?"

मुलगी पुढे सरसावली, पण मावशींनी तिला थांबवलं. त्या भिंतीला टेकल्या आणि सांगू लागल्या. सकाळी बोटं कशी आखडतात ते. पाय कुठवर सुजतात ते. तोंडातले फोड, जिना, भाजीची पिशवी, झोप. माणसं बाजूने जात होती. शिपाई एकेक दार लावत येत होता.

डॉक्टर मान खाली घालून ऐकत उभे होते. मावशींचं अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.