दाराजवळची खाट

जेबा दस्तगीर मणियार हिचा परिचय मीच लिहून दिला होता. कार्यक्रम आमच्या क्लासेसतर्फे होता, लातूरच्या एका मुलींच्या कॉलेजात, आणि आमच्या क्लासेसचं जे काही कागदावर उतरतं ते अठरा वर्षं माझ्याच हातून उतरतं. प्रवेशाची पत्रकं, चौकातले फ्लेक्स, निकालाच्या दिवशीच्या अभिनंदनाच्या जाहिराती, सगळं. जेबा पुण्याच्या मोठ्या कंपनीत मार्केटिंग कम्युनिकेशन्सची प्रमुख झाली, म्हणून मुलींना चार शब्द सांगायला तिला बोलावलं होतं. परिचयात तिच्या तीन पुरस्कारांपैकी मी दोनच घातले. जन्मसाल मात्र आठवणीनं घातलं. निवेदन करणाऱ्या पोरीनं नेमकं तेच गाळलं.

सांगून टाकते, मी जळत होते. पंधरा वर्षं जळतेय. त्याचीही सवय होते, चुलीमागच्या भिंतीला होते तशी.

मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी तनुजा नावाची बारावीतली मुलगी वही उघडून तयारीत होती. जेबा उठली. साधी सुती साडी, हातात एक कागद नाही. मी इतकी वर्षं लिहितेय, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून मागे सरकते. हिचं मात्र मुखेडच्या बाजारात बसल्यासारखं चालू झालं.

"माझी आई खातूनबी, मुखेडच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायची," ती म्हणाली. "आई सांगायची, बाईचा हात हातात घेतल्याबिगर बांगडी चढत न्हाई, अन् हात हातात घेतला की बाई बोलायला लागते. मी धंदा तिथंच शिकले. पुण्यात त्याला आता मार्केट रिसर्च म्हणतात."

पोरी हसल्या. तनुजानं वहीत 'धडा १' लिहून त्याला चौकट केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण वाक्य चांगलं होतं.

मग ती त्या गोष्टीवर आली. ती येणार हे मला ठाऊकच होतं. तिच्या मुलाखती छापून येतात, त्यात ही गोष्ट असतेच. मीही त्या सगळ्या वाचते. कात्रणंसुद्धा ठेवलीत, कशासाठी ते विचारू नका.

गोष्ट दोन हजार एकची. बारावीच्या निकालांमुळे लातूरचं नाव तेव्हा राज्यभर झालं होतं आणि जूनमध्ये बसस्टँडवर ट्रंका आणि गाद्या घेऊन उतरणाऱ्या पोरांची रीघ लागायची. आमचे चन्नबसप्पा सर मूळचे उदगीरचे, फिजिक्स शिकवायचे. त्यांनी कर्ज काढून वसतिगृह बांधलं. पत्रक मी लिहिलं: 'भव्य तीन मजली सुसज्ज वसतिगृह, अनुभवी प्राध्यापकवृंद.' सर खूश झाले. म्हणाले, "सिंधू, नांदेडची शाखा काढली की तिथली प्रसिद्धीप्रमुख तूच." तीन वर्षं मी असल्याच एका वाक्यासाठी राबत होते. नांदेडच्या ऑफिसातलं टेबल कुठं ठेवायचं तेही मनात ठरलं होतं.

आणि झालं असं की औसा, निलंगा, उमरग्याकडचे आईबाप यायचे, इमारतीकडे मान वर करून बघायचे आणि 'येतो' म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. सरांना काही उमजेना. मी पत्रकात 'भव्य'च्या जागी 'अतिभव्य' केलं.

जेबा त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे नोकरीला लागली होती. पंधरा दिवस ती बसस्टँडवर जाऊन येत होती. मग एक दिवस तिनं सरांपुढे एका ओळीचं पत्रक ठेवलं: 'तुमच्या लेकराची खाट तळमजल्यावर, दाराजवळ.'

सरांनी तळमजल्यावरची ऑफिसं वर हलवली आणि खाली त्या तालुक्यांतल्या पोरांच्या खाटा टाकल्या. आठ दिवसांत वसतिगृह भरलं. वर्षभरानं नांदेड जेबाला मिळालं. आयत्या बिळावर नागोबा, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले.

"हे मला कुणी सांगितलं?" व्यासपीठावर जेबा विचारत होती. "बसस्टँडवरच्या आयांनी. भूकंपात घरं पडलेल्या आया. त्यांना निकाल नको होता. लेकराच्या डोक्यावर किती मजले आहेत ते पाहिजे होतं. म्हणून सांगते पोरींनो, आधी ऐका, मग लिहा."

टाळ्या पडल्या. तनुजानं 'धडा ४' लिहिलं.

खोटं होतं ते. निदान सगळं खरं नव्हतं.

लातुरात जागा मिळेपर्यंत पहिला महिनाभर जेबा माझ्या खोलीवर राहिली होती. माझी खाट दाराला खेटून असायची. आत-बाहेर करायचं तर तिला अंग चोरून जावं लागायचं. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, खाट अशी का?" मी म्हटलं, "वारं येतं." पुन्हा तिनं विचारलं नाही. पण वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर काही काम निघालं की मी दुसऱ्याला पाठवते, हेही तिनं बघितलं असणार. तिचे डोळे तसलेच आहेत.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात बोरगावला आमचं घर पडलं तेव्हा मी दाराशी झोपले होते आणि आई आत. बाबांनी मला ओढून काढलं. आईपर्यंत पोचायला दुपार झाली. हे मी लातुरात कुणालाच सांगितलं नव्हतं. किल्लारीकडची म्हटलं की लोक आधी हळहळायचे आणि लगेच सरकारकडून काय काय मिळालं ते विचारायचे. मला दोन्ही नको होतं. नोकरीच्या अर्जावर मी मूळ गाव लातूर लिहिलं.

म्हणजे त्या दगडमातीतून निघालेली मी, आणि मीच लिहीत होते 'भव्य तीन मजली'. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या मुखेडात भिंतीचा पोपडाही पडला नव्हता तिथली पोरगी माझ्या खाटेकडे बघून ते ओळखते, आणि मला आठ वर्षं कळत नाही. जेबानं नांदेड नेलं याचा राग होताच. पण ती ओळ मला सुचली नाही, हे आजही सहन होत नाही.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. खोका फिरत आमच्या रांगेत आला तेव्हा मी तनुजाच्या वहीतलं अर्धं पान मागून घेतलं आणि लिहिलं: 'ती खाट कुणाची होती?' खाली नाव घातलं नाही. घडी केली, टाकली. मला फार बरं वाटलं. आता बघू कशी गोड बोलतेस, असं मनात म्हटलं.

आधी नेहमीचे प्रश्न झाले. घरचे नोकरी करू देत नाहीत, इंग्रजी येत नाही, मन लागत नाही. सगळ्यांना ती नीट उत्तर देत होती. मग तिनं एक चिठ्ठी उघडली आणि थांबली. मी लिहिलेले कागद वर्षभर तिनंच छापखान्यात नेलेत. माझं अक्षर ती झोपेतही ओळखेल.

तिनं चष्मा काढला. सभागृहावरून नजर फिरवली नाही. सरळ दाराकडे बघितलं.

चिठ्ठी ती फाडेल किंवा खाली सरकवेल, असं मला वाटलं होतं. तिनं ती मोठ्यानं वाचली. "ती खाट कुणाची होती?" आणि मग तिची पुण्याची भाषा पार उतरली.

"आया काही बोलत नव्हत्या," ती म्हणाली. "पंधरा दिवस स्टँडवर उभी होते, त्यांना वसतिगृहापर्यंत आणायची, नुसत्या वर बघायच्या अन् जायच्या. मी ज्या ताईंच्या खोलीवर राहत होते, त्या दाराशी खाट टाकून झोपायच्या. ती बघून मला आयांचं कळलं. ती ओळ त्यांच्या खाटेवरून आली. मी त्यांना विचारलं न्हाई. विचारलं असतं तर त्या न्हाई म्हणल्या असत्या, म्हणून विचारलं न्हाई. त्यांनी आपलं गाव कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं नाव कुठं घेतलं न्हाई. अन् नाव न घेणं माझ्याबी सोयीचं होतं. दोन्ही खरं हाय. पंधरा वर्षं मी हे आयांच्या नावावर खपवत राहिले. मला त्याची लाज वाटते."

टाळ्या पडल्या, आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठ्या. पोरी उभ्या राहिल्या. तनुजाही उभी राहिली. मी तिला उघडी पाडायला गेले होते आणि सभागृह तिलाच डोक्यावर घेत होतं. माफी मागितली तीही अशी की टाळ्या तिलाच.

"तुम्ही नाही वाजवणार?" तनुजानं विचारलं. मी वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, आणि डोळे का भरले ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर मी आधी सटकणार होते, पण जेबा पोरींच्या गराड्यातून वाट काढत दाराशी आली. जवळून बघितलं तर कानाजवळचे केस पांढरे झालेत. माझ्यापेक्षा जास्त. याचं मला समाधान वाटलं, हेही लिहून टाकते.

"ताई, अजून दाराशीच?"

"वारं येतं," मी म्हटलं.

ती हसली नाही. माझा हात तिनं हातात घेतला, बांगडी भरायला घेतात तसा, आणि घडी केलेली चिठ्ठी तळव्यावर ठेवली.

"पुढच्या येळेला नाव लिहा," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.

चार दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होते. मला शिकवणारी ही कोण? अठरा वर्षांत हजारो कागद लिहिले मी. पाचव्या दिवशी ध्यानात आलं की त्यातल्या एकाही कागदावर माझं नाव नाही, आणि त्यासाठी मला कुणी अडवलंही नव्हतं.

म्हणून हे लिहून पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवतेय. तिचा तिसरा पुरस्कार कोणता, ते इथंही सांगितलेलं नाही. तेवढं चालवून घ्या.

सिंधू श्रीमंत बिराजदार. मूळ गाव बोरगाव, किल्लारीजवळ.